मनगटावरच्या घड्याळाचा मालक कोण? खुल्या स्मार्टवॉचबद्दल सोप्या भाषेत

२०१६ या एकाच वर्षात घड्याळांच्या दोन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतली पेबल ही स्मार्टवॉच कंपनी बंद झाली. पण नंतर दोन्ही कंपन्यांच्या घड्याळांचं जे झालं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजोबांची एचएमटी जनता आजही चावी दिली की चालते. बिघडली तर चौकातला घड्याळजी मागचं झाकण उघडतो, चाकं साफ करतो, तेलाचा थेंब सोडतो. त्यासाठी त्याला कारखान्याला विचारावं लागत नाही. पेबलवाल्यांचं घड्याळ मात्र धडधाकट असूनही अडलं. जून २०१८ च्या अखेरीस त्यामागचे सर्व्हर बंद झाले आणि नवी अ‍ॅप्स घेणं, हवामान, बोलून मजकूर लिहिणं अशा बऱ्याच सोयी त्यांच्याबरोबर गेल्या. रीबल या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी पर्यायी सर्व्हर उभे केले, म्हणून ती घड्याळं तगली.

हे सगळं आज पुन्हा निघायचं कारण असं. पेबलची मालमत्ता आधी फिटबिट या फिटनेस बँडच्या कंपनीकडे गेली होती आणि फिटबिट पुढे गूगलकडे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या घड्याळांचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. पेबलचे मूळ संस्थापक एरिक मिजिकोव्स्की यांनी लगेच त्यावर चालणारी नवी घड्याळं जाहीर केली. तेव्हापासून ‘ओपन सोर्स स्मार्टवॉच’ हे शब्द तंत्रज्ञानाच्या बातम्यांत वरचेवर येतात, आणि घड्याळ घ्यायला निघालेला माणूस गोंधळतो. हे नेमकं काय असतं? आपल्या कामाचं आहे का?

उघडं असतं ते काय?

कुठलंही सॉफ्टवेअर आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलं जातं. त्याला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो तिजोरीत ठेवतात आणि आपल्याला फक्त यंत्राला कळेल असं तयार रूप देतात. ओपन सोर्स म्हणजे हा कोड जाहीर केलेला असतो आणि तो वाचण्याची, बदलण्याची, बदललेला इतरांना देण्याची परवानगी परवान्यात लिहून दिलेली असते. फुकट असणं हा त्यातला गौण भाग आहे. खरी गोष्ट परवानगीची आहे, आणि ती दिलेली परवानगी कंपनी विकली गेली किंवा बुडाली तरी मागे घेता येत नाही.

स्मार्टवॉचच्या बाबतीत मात्र ‘खुलं’ म्हटल्यावर लगेच विचारावं, की कुठला भाग खुला? कारण स्मार्टवॉच म्हणजे फक्त मनगटावरची डबी नव्हे. त्याचे तीन भाग असतात. पहिला, घड्याळाच्या आतलं सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात. दुसरा, फोनवरचं अ‍ॅप, जे ब्लूटूथने घड्याळाशी बोलतं. तिसरा, दूर कुठेतरी असलेला कंपनीचा सर्व्हर, जिथे तुमचं खातं आणि तुमचे आकडे जमा होतात. साध्या भाषेत, मनगटावर मोजलेली पावलं फोनमध्ये जातात आणि फोनमधून सर्व्हरवर. या साखळीतली एक कडी जरी कंपनीच्या मुठीत असली, तरी घड्याळ त्या प्रमाणात तिच्याच मर्जीवर चालतं.

पेबलचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. गूगलने कोड खुला केला तेव्हा त्यातून ब्लूटूथचा भाग काढून टाकलेला होता, कारण तो दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीचा होता. तिथे दुसरा खुला भाग बसवल्यावरच घड्याळ फोनशी बोलू लागलं. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये पेबलसाठी लोकांनी लिहिलेल्या जुन्या अ‍ॅप्सच्या संग्रहावरून रीबल आणि मिजिकोव्स्की यांची नवी कंपनी यांच्यात जाहीर वाद झाला. घड्याळाचा कोड खुला असूनही अ‍ॅप्सच्या संग्रहावरून भांडण होऊ शकतं, ते यामुळेच.

साधं म्हणजे किती साधं?

पाइन६४ या संस्थेचं पाइनटाइम घ्या. किंमत सुमारे २७ डॉलर, पाठवणावळ वेगळी. आत ६४ मेगाहर्ट्झचा नॉर्डिक या कंपनीचा एक छोटा चिप आणि फक्त ६४ किलोबाइट रॅम. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा एखादा फोटोही त्यात मावणार नाही! स्क्रीन १.३ इंचाचा, रंगीत, बोटाने चालणारा. वेळ, गजर, स्टॉपवॉच, पावलं, नाडीचे ठोके, फोनवरच्या सूचना, गाणं पुढेमागे करणं, एवढी कामं ते नीट करतं. जीपीएस नाही, स्पीकर नाही, कॉल घेऊन बोलायची सोय नाही. एकदा चार्ज केलं की साधारण आठवडाभर चालतं.

बँगल.जेएस २ हे दुसरं घड्याळ थोडं वेगळ्या घडणीचं. त्यात जीपीएस आहे, होकायंत्र आहे आणि उन्हातही सतत दिसणारा स्क्रीन आहे. त्यावर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली शेकडो छोटी अ‍ॅप्स थेट ब्राउझरमधून चढवता येतात. तिसरं म्हणजे नवं पेबल. ते दोन रूपांत जाहीर झालं, पांढऱ्या-काळ्या स्क्रीनचं १४९ डॉलरचं आणि रंगीत स्क्रीनचं २२५ डॉलरचं. दोन्हींची बॅटरी महिनाभर टिकेल असं कंपनी सांगते. एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. भारतात पेबल याच नावाने स्मार्टवॉच विकणारी एक पूर्णपणे वेगळी कंपनी आहे. ऑनलाइन शोधताना हमखास तीच आधी दिसते आणि या खुल्या पेबलशी तिचा काही संबंध नाही.

दीड-दोन हजारांत सगळं मिळत असताना हे कशाला?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. आपल्या बाजारात तेवढ्या पैशांत मोठा चकचकीत स्क्रीन, ब्लूटूथ कॉलिंग, शंभर खेळांचे मोड आणि वर्षाची वॉरंटी मिळते. फीचर्सची यादी समोर ठेवली तर पाइनटाइम पहिल्याच फेरीत बाद होतं, आणि ज्याला मनगटावरून फोनवर बोलायचं आहे त्याने ते घेऊच नये.

पण यादीत न लिहिलेल्या गोष्टींकडेही बघायला हवं. पाइनटाइमच्या आतले भाग काही जगावेगळे नाहीत. कोल्मी पी८ या नावाने विकलं गेलेलं एक स्वस्त घड्याळ त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं आहे, की वास्प-ओएस नावाचं खुलं सॉफ्टवेअर दोन्हींवर चालतं. फरक आहे तो सॉफ्टवेअर कोणाच्या हातात आहे एवढाच. बंद घड्याळ, म्हणजे ज्याचा कोड कंपनीने आपल्यापाशीच ठेवला आहे ते, पहिल्यांदा वापरायला घ्यायचं तर आधी अ‍ॅप उतरवा, मोबाइल नंबर द्या, खातं उघडा, मग लोकेशन, संपर्क, कॉलची नोंद अशा परवानग्या एकामागून एक द्या. त्यातल्या काहींना खरंच कारण असतं. फोन कोणाचा आला हे घड्याळावर दाखवायचं तर संपर्कांची यादी वाचावी लागतेच. पण वाचलेली यादी फोनमध्येच राहते की बाहेर जाते, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागतं.

आणि बाहेर गेलेले आकडे काय सांगू शकतात याचं उदाहरण जगाने पाहिलं आहे. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या धावण्याच्या मार्गांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. नावं नव्हती, फक्त उजळलेल्या रेषा होत्या. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की अफगाणिस्तान आणि सीरियातल्या अंधाऱ्या भागांत काही ठिकाणं उजळून निघाली आहेत. ते होते लष्करी तळ, आणि रेषा होत्या तिथल्या सैनिकांच्या व्यायामाच्या फेऱ्या. कोणी चोरी केली नव्हती. माहिती एका जागी साठली होती, एवढंच पुरे झालं.

आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते चांगलंच आहे. तरीही कायदा कामाला येतो तो बहुतेक वेळा माहिती दुसऱ्याच्या हातात गेल्यानंतर. ती मुळात घराबाहेर गेलीच नाही, तर तक्रारीचा प्रश्नच उरत नाही.

इथे गॅजेटब्रिज नावाचं अँड्रॉइड अ‍ॅप महत्त्वाचं ठरतं. ते खुलं आहे, एफ-ड्रॉइड या अ‍ॅप भांडारातून मिळतं आणि त्याला खातं लागत नाही. विशेष म्हणजे ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही. म्हणजे मनात आणलं तरी ते तुमची माहिती स्वतःहून कुठे पाठवू शकत नाही, आणि हे तुम्ही फोनच्या परवानग्यांच्या यादीत जाऊन स्वतः पडताळू शकता. पावलं, झोप, ठोके यांची नोंद फोनमधल्या एका फाइलमध्ये राहते. हवी तेव्हा ती बाहेर काढून ठेवता येते, नको तेव्हा पुसता येते.

मराठी मेसेज दिसतो का?

घड्याळांच्या परीक्षणांत हा प्रश्न कुठेच भेटत नाही, आणि आपल्यासाठी तर तो पहिल्या पाचांत यायला हवा. घरच्या ग्रुपवर निम्मे मेसेज देवनागरीत येतात. ते घड्याळावर वाचता आले नाहीत तर सूचनांची सोय अर्धी वाया गेली.

पाइनटाइमवर बहुतेकजण इन्फिनिटाइम हे फर्मवेअर वापरतात. त्याच्या मूळ रूपातल्या अक्षरसंचात रोमन आणि रशियनसारख्या भाषांची सिरिलिक अक्षरं आहेत, देवनागरी नाही. ‘किती वाजता येतोस’ असा मेसेज आला की अक्षरांच्या जागी चौकोन. नुसती अक्षरं भरून हे सुटत नाही. ‘कि’ टाइप करताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते, पण दाखवताना वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘स्टेशन’मधला ‘स’ अर्धा करून ‘ट’ला चिकटवावा लागतो. आपल्या फोनमध्ये हे काम करणारं मोठं सॉफ्टवेअर असतं. चौसष्ट किलोबाइटच्या घड्याळात त्याला जागा कुठून आणायची?

बँगल.जेएस २ वर यातून एक सुरेख वाट काढली आहे, आणि खुल्या घड्याळांबद्दल मला जे आवडतं ते सगळं तिच्यात आहे. गॅजेटब्रिजमध्ये या घड्याळाच्या सेटिंगमध्ये एक पर्याय आहे. घड्याळाच्या अक्षरसंचात न बसणारा शब्द आला, की फोन तो शब्द स्वतः काढतो, वेलांटी-जोडाक्षरांसकट, आणि त्याचं छोटं चित्र करून घड्याळाला पाठवतो. घड्याळाला देवनागरी येत नाही, तरी मेसेज मराठीत दिसतो. इतर घड्याळांसाठी गॅजेटब्रिजमध्ये लिप्यंतराची, म्हणजे एका लिपीतला मजकूर रोमन अक्षरांत करून पाठवण्याची सोय आहे. त्यात बंगालीसुद्धा आहे. कोणाला तरी ती स्वतःसाठी हवी होती, त्याने लिहिली, सगळ्यांना मिळाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडच्या अनेक स्वस्त बंद घड्याळांवर देवनागरी दिसते, कारण त्यांना इथेच माल विकायचा असतो. तेव्हा पहिल्या दिवशीचा निकाल त्यांच्या बाजूने लागतो. जे दिसत नाही ते दुरुस्त करायची वेळ आली, की मात्र बंद घड्याळवाल्याच्या हातात कस्टमर केअरचा नंबर असतो आणि खुल्या घड्याळाच्या बाबतीत पुण्यातला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थीही ते काम अंगावर घेऊ शकतो.

कोड सगळ्यांना दिसतो, मग घड्याळ हॅक होणार नाही?

भीती स्वाभाविक आहे, पण गृहीतक चुकीचं आहे. सुरक्षितता कोड लपवण्यावर अवलंबून असेल तर ती मुळातच कच्ची असते. ती जोडणीच्या वेळच्या गुप्त आकड्यावर, म्हणजे घड्याळावर दिसणारा आकडा फोनवर टाकण्यावर अवलंबून असावी. इन्फिनिटाइममध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती. ती नाही हे लोकांनी कोड वाचून पाहिलं, उघड चर्चा झाली आणि नंतर ती आली. बंद घड्याळात अशी उणीव असली तरी बाहेर कोणाला कळत नाही, एवढाच फरक.

खुला कोड आहे म्हणून तो कोणीतरी तपासलेलाच असतो, असंही मात्र धरून चालू नये. चार-दोन माणसं रात्री जागून चालवत असलेले प्रकल्प थकूनही जातात. म्हणून घड्याळ घेण्याआधी त्याच्या फर्मवेअरची शेवटची आवृत्ती कधी आली ते बघावं. दोन वर्षं शुकशुकाट असेल तर विचार बदलावा.

पण मला कोडिंग येत नाही!

रोजच्या वापरासाठी ते यावं लागतही नाही. जोडणी बाकीच्या घड्याळांसारखीच होते. वेगळेपणा जाणवतो तो फर्मवेअर बदलताना, म्हणून ते थोडं जवळून सांगतो. पाइनटाइममध्ये नवी आवृत्ती फोनवरून पाठवली की घड्याळ स्वतः पुन्हा सुरू होतं आणि नवं रूप दाखवतं. पण काम इथे संपत नाही. सेटिंगमध्ये फर्मवेअर या जागी जाऊन ‘व्हॅलिडेट’ करावं लागतं, म्हणजे ‘हे ठीक चाललंय, हेच ठेव’ असं घड्याळाला सांगावं लागतं. सांगितलं नाही आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं, तर ते आपणहून जुन्या आवृत्तीवर जातं. नव्या माणसाला हा दोष वाटतो, पण तो आहे बचाव. नवी आवृत्ती गडबडली तर तुम्ही अडकून पडत नाही. अगदीच बिनसलं तर सुरू होताना बटण दाबून धरायचं. पडद्यावरचं पाइनच्या फळाचं चिन्ह निळं झाल्यावर सोडलं तर आधीची आवृत्ती येते, आणखी धरून लाल झाल्यावर सोडलं तर दुरुस्तीपुरतं मूळ सॉफ्टवेअर सुरू होतं.

ज्याला एवढंही नको वाटतं, त्याने पाइनटाइमच्या वाट्याला जाऊ नये. यात कमीपणा काही नाही. घड्याळ वेळ बघायला असतं, अभ्यासाला नव्हे. पण ज्या घरात आठवी-नववीतलं मूल संगणकात रमलेलं आहे, तिथे बँगल.जेएससारखं घड्याळ मी आवर्जून सुचवेन. चार ओळी लिहून स्वतःच्या मनगटावर स्वतः काढलेला आकडा उमटलेला बघणं, ही शिकण्याची ओढ लावणारी गोष्ट आहे.

तब्येतीसाठी घेतोय, तर?

मग दोन्ही प्रकारांबद्दल सावध राहा. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त वाढतं-घटतं, त्यामुळे परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्यावरून ठोके मोजतात. हात हलला, पट्टा सैल असला की आकडा चुकतो. पाइनटाइममधला हा सेन्सर साधा आहे. बसल्या जागी अंदाज देतो, धावताना त्याच्यावर भिस्त ठेवू नये. हृदयाचा त्रास असेल, डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं असेल, तर वैद्यकीय मान्यता असलेलं उपकरणच घ्यावं, मग ते बंद असलं तरी चालेल.

आणि कुठलंही घड्याळ सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की स्वतःहून अशी साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर जिवावर बेतू शकतं. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या देशात हे ठासून सांगायला हवं. खुल्या घड्याळांमध्ये असे दावे करणारं कोणी नाही, ही त्यांची एक जमेची बाजू.

आयफोन, कस्टम्स आणि वॉरंटी

आयफोनवाल्यांनी थोडं थांबून विचार करावा. गॅजेटब्रिज अँड्रॉइडपुरतंच आहे. पाइनटाइमसाठी आयफोनवर इन्फिनिलिंक हे अ‍ॅप आहे, पण अ‍ॅपलच्या बंधनांमुळे दुसऱ्या कंपनीच्या घड्याळावरून मेसेजला उत्तर देता येत नाही. ती अडचण पेबललाही आहे.

ही घड्याळं परदेशातून मागवावी लागतात. छापील किमतीवर पाठवणावळ आणि कस्टम्स ड्युटी चढते, आणि स्वस्त घड्याळाच्या बाबतीत हा वरचा खर्च चांगलाच टोचतो. बंद पडलं तर गावात सर्व्हिस सेंटर नाही. सॉफ्टवेअर कितीही खुलं असलं तरी पाइनटाइमची मागची बाजू चिकटवून बंद केलेली असते. बॅटरी बदलणं सोपं नाही, आणि एकदा उघडलं की पाण्यापासूनचं संरक्षण गेलंच समजा.

मग घ्यायचं कोणी?

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला घड्याळाकडून वेळ, गजर, पावलं आणि सूचना एवढंच हवं आहे, ज्याच्याकडे अँड्रॉइड फोन आहे आणि आपली रोजची हालचाल कोणाच्या सर्व्हरवर साठू नये असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने खुलं घड्याळ घ्यावं. मराठी मेसेज वाचायचे असतील तर बँगल.जेएस २, कमी पैशांत हात आजमावून बघायचा असेल तर पाइनटाइम. कॉलवर बोलणं, यूपीआय, ईसीजी यांपैकी काहीही हवं असेल तर नको.

पण पैसे घालण्याआधी एक करा. घरातला ड्रॉवर उघडा. बऱ्याच घरांत जुना फिटनेस बँड धूळ खात पडलेला असतो. गॅजेटब्रिज त्यातल्या अनेकांशी जमवून घेतं. शाओमी कंपनीचे ‘मी बँड ३’ (Mi Band 3) पर्यंतचे बँड थेट जोडले जातात. त्यानंतरच्या बँडसाठी कंपनीच्या अ‍ॅपमधून एकदा एक सांकेतिक किल्ली काढावी लागते, त्यामुळे त्या अ‍ॅपमधलं खातं किंवा जोडणी घाईने पुसून टाकू नका. आठ-पंधरा दिवस तो बँड या पद्धतीने वापरून बघा. कंपनीच्या अ‍ॅपमधले रंगीत आलेख, मित्रांशी लावलेल्या पावलांच्या शर्यती, बिल्ले यांची आठवण येत राहिली, तर तुमच्यासाठी बंद घड्याळच बरं. आठवण आली नाही, तर मग डॉलरचा भाव बघायला हरकत नाही.